खजिनदार क्रॅनफिल्ड आणि राजाची उधारी

बंगळूरच्या चामराजपेटेतून निघावं, टिपूच्या वाड्याला वळसा घालून कृष्णराजेंद्र मार्केटची कोंडी पार करावी, की चिकपेट लागते. रेशमाचे तागे, हमालांच्या आरोळ्या, दारातच हिशेब करणारे दलाल. नगर्तपेट-कब्बनपेटेच्या बाजूला भावसार, नामदेव शिंपी आणि पटेगार घरांतून अजून मराठी कानावर येते, कानडीत मुरलेली. रंगवणं, शिवणं, विणणं हे या घरांचे पिढीजात धंदे. चामराजपेट त्यामानाने नवी. म्हैसूरच्या दहाव्या चामराजेंद्र वडियारांच्या नावाने १८९२ साली जुन्या पेठेबाहेर सरळ रेघा मारून आखलेली. जुनी पेठ मात्र केंपेगौडाच्या काळापासूनची, आणि तिथे कापड विकलं जातंय तेही कित्येक पिढ्यांपासून.

अशा बाजारात बसलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. गिऱ्हाईक पैसे बुडवण्याची धास्ती जितकी मोठी तितका भाव चढा, आणि गिऱ्हाईक जितकं बडं तितकी ही धास्ती मोठी. एवढं शहाणपण गाठीला बांधून सतराव्या शतकातला एक लंडनचा कापडव्यापारी इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीपर्यंत पोहोचला. त्याच शहाणपणाने राजपुत्राची वाट अडवली तेव्हा त्याला टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात बसावं लागलं.

त्याचं नाव लायोनेल क्रॅनफिल्ड. इंग्रजी इतिहास वाचणाऱ्यांना टॉमस क्रॉमवेल ठाऊक असतो. पटनीच्या कापड सफाई करणाऱ्याचा मुलगा, आठव्या हेन्रीचा मंत्री, शेवटी कुऱ्हाडीखाली गेलेला. त्याच्यावर कादंबऱ्या झाल्या, मालिका झाल्या. क्रॅनफिल्डच्या वाट्याला तसं काही आलं नाही. त्याचं मुंडकं उडालं नाही, हेही एक कारण असेल. मला मात्र दोघांत हाच जास्त आपल्या ओळखीचा वाटतो. क्रॉमवेलने धर्म बदलला, मठ मोडले. क्रॅनफिल्डने बिलं तपासली.

काळाचा अंदाज यावा म्हणून एक जोडतारीख. रणदुल्लाखानाने १६३८ साली बंगळूर जिंकलं आणि ते आदिलशाहीकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हा क्रॅनफिल्ड साठी ओलांडलेला, दरबारातून हाकललेला माजी खजिनदार होता. शिवाजीराजे आणि त्याचे आयुष्यक्रम पंधरा वर्षं एकमेकांवर पडतात. सुरतेला इंग्रजांची वखार निघाली आणि सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात जायला १६१५ साली इथे उतरला, त्या काळात क्रॅनफिल्ड लंडनमध्ये जकातीचा सर्वोच्च तपासनीस होता. इंग्रज बोटी भरभरून आणत ती लोकरी बनात इथल्या उन्हात फारशी खपत नसे, ही त्यांची कायमची रड. त्या लोकरीच्या धंद्यातच हा माणूस वाढला.

जन्म १५७५चा, लंडनच्या सेंट मायकेल बॅसिशॉ या वस्तीत. बाप टॉमस क्रॅनफिल्ड हा मर्सर, म्हणजे किमती कापडाचा व्यापारी. घरापासून हाकेच्या अंतरावर ब्लॅकवेल हॉल. देशभरातल्या गावांतून विणलेलं लोकरी कापड विक्रीसाठी इथे येई. गावोगावचे कापडकरी लोकर विकत घेत, घरोघरी सूत कातायला देत, विणकरांकडून विणून घेत आणि ते ठाण तट्टांवर लादून इथे आणत. ठाणाची लांबी-रुंदी तपासून सरकारी शिसं लावलं जाई. तरी ओलं करून ताणलेलं, कडेला चांगलं आणि आत विरळ असं कापड खपवण्याच्या युक्त्या होत्याच. त्या ओळखणारी नजर याच हॉलमध्ये घडे. इंग्लंडच्या निर्यातीत तेव्हा लोकरी कापडाचं राज्य होतं, आणि त्यातलं बरंचसं न रंगवता, पांढरंच बाहेर जाई. रंगवण्याचा आणि नफ्याचा मोठा वाटा डच लोकांकडे.

१५९० साली पंधरा वर्षांचा लायोनेल रिचर्ड शेपर्ड नावाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. उमेदवारी संपली आणि १५९९ साली त्याने मालकाच्याच मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं. कथासरित्सागरातला मूषकश्रेष्ठी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मेलेल्या उंदरावर भांडवल उभं करणारा तो मुलगा. उंदीर मांजरासाठी विकून त्याचे चणे घेतो, चणे-पाणी लाकूडतोड्यांना देऊन मोळ्या साठवतो, पावसाळ्यात त्या विकतो आणि शेवटी सोन्याचा उंदीर घेऊन सावकारापुढे उभा राहतो. सावकार त्याला मुलगी देतो. ही तुलना माझ्या डोक्यात येण्याला एक कारण आहे. कथासरित्सागर इंग्रजीत आणणारे चार्ल्स टॉनी हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य. त्यांचा मुलगा रिचर्ड हेन्री टॉनी १८८० साली कलकत्त्यातच जन्मला आणि पुढे इंग्लंडचा मोठा अर्थेतिहासकार झाला. म्हातारपणी, १९५८ साली, त्याने क्रॅनफिल्डवर ग्रंथ लिहिला: व्यापारी आणि मंत्री. बापाने उंदरावरून उभ्या राहिलेल्या श्रेष्ठीची गोष्ट इंग्रजीत सांगितली, मुलाने कर्सीवरून उभ्या राहिलेल्याची.

कर्सी हे जाडंभरडं, स्वस्त लोकरी कापड. क्रॅनफिल्ड ते जर्मनीत पाठवी. एल्ब नदीच्या मुखाजवळ स्टाडे हे बंदर, तिथे रिचर्ड रॉस्टॉर्म हा त्याचा गुमास्ता. कापड विकून आलेल्या पैशात मखमल, तफेता, रेशीम घ्यायचं आणि ते लंडनला पाठवायचं. म्हणजे जाताना गाठ भरलेली, येतानाही भरलेली. १५९७ साली जर्मन व्यापारी संघाच्या दबावाने सम्राटाने इंग्रज व्यापाऱ्यांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला आणि सगळ्यांची त्रेधा उडाली. असल्या वेळी पत्रं लवकर पोहोचणं, गुमास्त्याने वेळेवर माल हलवणं, हुंडीचा दर कुठे चढला हे आधी कळणं, यावर पेढी तगते किंवा बुडते. क्रॅनफिल्डची तगली.

पण कापडातून मिळणाऱ्या पैशाला मर्यादा होती. खरा पैसा राजाच्या दाराशी होता, कारण राजा कडका होता. १६०३ साली स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. एलिझाबेथ राणीने कर्ज मागे ठेवलं होतं, पण ती हात आखडून वागे. जेम्सचा हात सैल. स्कॉटलंडहून आलेल्या सोबत्यांना जमिनी, निवृत्तिवेतनं, रोकड. त्यातला जेम्स हे नावाचा सरदार तर मेजवानीला दोनदा पानं मांडी. पहिली पानं नुसती बघायला, मग ती उचलून फेकायची आणि नवी गरम पानं. १६१८ पर्यंत राजाचं कर्ज ९ लाख पौंडांच्या आसपास गेलं. वर्षाचं नेहमीचं उत्पन्न याच्या जेमतेम निम्मं. पैसा उभा करायला राजाने पदव्याही विकायला काढल्या. १६११ साली बॅरोनेट ही नवी पदवी निघाली, भाव १,०९५ पौंड.

अशा राजाला जकात स्वतः गोळा करण्याची ताकद नसते. तो मक्ता देतो. मक्तेदार ठरलेली रक्कम आगाऊ देणार, वर सुटेल ते त्याचं. पेशवाईच्या उत्तरार्धातली मक्त्यांची पद्धत ज्यांनी वाचली आहे त्यांना हे नवं नाही. क्रॅनफिल्ड आपला जोडीदार आर्थर इंग्रॅम याच्यासह या सौद्यांत उतरला. जकातीचे मक्ते, रंगाच्या लाकडावरचे हक्क, स्टार्चवरचे कर, राजाने विकायला काढलेल्या जमिनी घेऊन तुकड्यांनी विकणं. दहा वर्षांत कापडाचा व्यापारी राजाच्या उत्पन्नाचा व्यापारी झाला. मक्तेदार राजाला किती कमी देतात हे त्याला ठाऊक होतं, कारण तो त्यांच्याच पंगतीतला.

मग त्याने बाजू बदलली. नॉर्थम्प्टनचा अर्ल हेन्री हॉवर्ड याने त्याला हाताशी धरलं. १६१३ साली क्रॅनफिल्ड जकात खात्याचा सर्वोच्च तपासनीस झाला, ‘सर’ झाला, आणि पुढच्या वर्षी हाइद या गावातून पार्लमेंटात बसला. १६१५ साली त्याने जॉन वुल्स्टनहोमबरोबर देशाची आयात किती आणि निर्यात किती याचा ताळेबंद मांडला. संबंध देशाचा व्यापार एका वहीत जमा-नावे मांडून बघण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. पेढीवर दर दिवाळीला होतं तेच, फक्त पेढी म्हणजे इंग्लंड.

त्याच सुमाराला विल्यम कोकेन या व्यापाऱ्याने राजाच्या गळी एक योजना उतरवली: पांढरं कापड बाहेर पाठवणं बंद, रंगवून पूर्ण केलेलंच पाठवायचं, रंगाचा नफा डचांना का द्यायचा? ऐकायला अगदी स्वदेशीचं तत्त्व. डचांनी इंग्रजांचं रंगवलेलं कापड घ्यायचंच बंद केलं. १६१४ साली लंडनहून सुमारे १,२७,००० ठाणं बाहेर गेली होती. योजना १६१७ साली गुंडाळली गेली, पण गेलेलं गिऱ्हाईक पुरतं परतलं नाही. जर्मनीत युद्ध पेटलं, नाण्यांचा घोळ झाला, आणि १६२२ पर्यंत आकडा ७६,००० च्या आसपास आला. विणकर उपाशी, कापडकरी दिवाळखोर. क्रॅनफिल्ड सत्तेच्या शिखरावर चढत होता तो असा, ज्या धंद्यातून आला तो पायाखाली ढासळत असताना.

राजवाड्याच्या खर्चाची चौकशी १६१७-१८ मध्ये सुरू झाली. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या माणसाचा सगळा जीव इथे दिसतो. कागदावर माणसं एक, जेवणारी दुसरी. मेणबत्त्या अर्ध्या जळल्या की नोकराच्या मालकीच्या. प्रत्येक खरेदीवर कुणाची ना कुणाची दस्तुरी. क्रॅनफिल्ड असलं सगळं भराभर ओळखे, कारण हे त्याने दुसऱ्या टोकाकडून पाहिलेलं होतं. आरमाराचंही तेच. त्याच्या चौकशीला नेमलेल्या आयोगाने खर्च सुमारे ५७,००० पौंडांवरून ३०,००० च्या आसपास आणला आणि वर दरसाल दोन नवी जहाजंही बांधली.

मग आलं ग्रेट वॉर्डरोब. ब्लॅकफ्रायर्सजवळचं हे खातं राजाचे पोशाख, नोकरांचे गणवेश, पडदे, गाद्या, भिंतीवरचे गालिचे पुरवी. त्याचा प्रमुख कोण? दोनदा पानं मांडणारा तोच जेम्स हे. लंडनचे मखमलवाले आणि रेशीमवाले या खात्याला माल देताना भाव दामदुप्पट लावत, आणि त्यांना दोष देता येत नव्हता. राजाचं बिल दोन-दोन वर्षं अडकणार, वरून कारकुनापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला काहीतरी चारायचं. हे सगळं भावातच धरावं लागे. १६१८ साली जेम्स हे याला मोबदला देऊन बाजूला केलं आणि क्रॅनफिल्ड तिथे बसला. त्याने राजाशी चक्क सौदा केला. वर्षाला २०,००० पौंड ठोक द्या, त्यात मी सगळं भागवतो, उरेल ते माझं, आणि हिशेब मागायचा नाही. आधीचा खर्च याच्या दुपटीच्या घरात जायचा, तेव्हा राजा खूश. क्रॅनफिल्ड रोखीने खरेदी करू लागला. रोख म्हटल्यावर भाव उतरले. त्याच्या पदरात वर्षाला सुमारे ७,००० पौंड पडत.

ही काटकसर की मक्ता? माझ्या मते दोन्ही, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे. पैसा वाचवणाऱ्याने त्यातला वाटा घ्यावा, हा व्यापाराचा साधा नेम. राज्यकारभार म्हणजे व्यापार नव्हे, असं त्याला त्या काळात कुणी सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग हे जे खात होते ते काय होतं? प्रश्न बिनतोड आहे. उत्तर मात्र १६२४ साली त्याच्या विरोधकांनी दिलं.

त्याआधी चढती कमान. राजाचा लाडका जॉर्ज व्हिलियर्स, पुढचा ड्यूक ऑफ बकिंगहॅम, आता त्याचा आश्रयदाता. पहिली बायको १६१७ साली वारली होती. १६२१ च्या आरंभी त्याने बकिंगहॅमच्या आईच्या नात्यातल्या अ‍ॅन ब्रेटशी लग्न केलं. या घराण्याशी सोयरीक केल्याशिवाय वर जाणं कठीण होतं. त्याच वर्षी पार्लमेंटात त्याने तत्त्वज्ञ-न्यायाधीश फ्रान्सिस बेकन याच्यावर हल्ला चढवण्यात पुढाकार घेतला. बेकनला लाचेबद्दल ४०,००० पौंड दंड झाला. जुलैमध्ये क्रॅनफिल्ड बॅरन, ऑक्टोबरमध्ये लॉर्ड ट्रेझरर, पुढच्या सप्टेंबरात अर्ल ऑफ मिडलसेक्स. दुकानदाराच्या मुलाने तीस वर्षांत केलेला हा प्रवास खानदानी सरदारांना रुचला नाही, आणि त्याने त्यांना गोड बोलून रुचेल असं काही केलंही नाही. निवृत्तिवेतनं थांबवली, देणग्या अडवल्या. नव्या देणग्या आधी आपल्या नजरेखालून जाव्यात, हे राजाकडून कबूल करून घेतलं. राजा कबूल करी आणि पुढच्या आठवड्यात विसरे. अडवलेले मात्र विसरत नसत.

मराठी राज्यातली रीत इथे आठवते. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सावकारांना राज्याचं भूषण मानतं, त्यांना सांभाळून राहा म्हणतं. टोपीकरांपासून मात्र जपायला सांगतं, कारण त्यांच्या तराजूमागे त्यांचे राजे उभे आहेत. सावकार हवा, पण बाहेर, कर्ज देणारा. आत येऊ पाहणाऱ्याचं काय होतं ते बारामतीच्या बाबूजी नाइकांनी पाहिलं. पहिला बाजीराव त्यांचा कर्जदार, त्याची बहीण त्यांच्या भावाच्या घरात दिलेली. १७४० साली बाजीराव वारल्यावर रघुजी भोसल्यांच्या पाठिंब्याने त्यांनी पेशवाईच मागितली. शाहूमहाराजांनी वस्त्रं दिली बाळाजी बाजीरावाला. क्रॅनफिल्ड मात्र आत गेला, वस्त्रं त्याला मिळाली.

१६२३ साली राजपुत्र चार्ल्स आणि बकिंगहॅम वेष बदलून माद्रिदला गेले, स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला. मागणी फसली, अपमान झाला, आणि परतल्यावर दोघांना एकच ध्यास: स्पेनशी युद्ध. खजिनदाराने विरोध केला. धर्माचा किंवा शांततेचा प्रश्न त्याने काढला नाही, त्याच्यापुढे आकडे होते. तिजोरी कशीबशी सावरत होती, युद्ध तिला एका हंगामात पुन्हा गाळात घालणार होतं. याच वेळी त्याने आपला देखणा मेहुणा आर्थर ब्रेट राजाच्या नजरेत भरवायचा डाव टाकला, म्हणजे बकिंगहॅमच्या जागी नवा लाडका. आकड्यांच्या बाबतीत तो बरोबर होता, पण हा डाव मूर्खपणाचा होता. ज्याने दरवाजा उघडून आत घेतलं त्याच्याच जागेवर हात टाकायचा, तोही आपला दुसरा कुणी पाठीराखा नसताना.

१६२४ च्या पार्लमेंटात त्याच्यावर महाभियोग आला. पुढे सर एडविन सँडिस आणि सर एडवर्ड कोक. सँडिसच्या व्हर्जिनिया कंपनीशी तंबाखूच्या सौद्यावरून क्रॅनफिल्डचं फाटलं होतं. व्यापारीही त्याच्या विरुद्ध, कारण जकातीचे दर चढवण्यात त्याचा हात होता, अगदी कापडावरच्या जकातीसकट. आपल्याच धंद्यावर कर बसवणारा मंत्री बाजाराला कधी आपला वाटत नाही. आरोप असे: दारूच्या जकातीच्या मक्तेदारांकडून ५०० पौंडांच्या दोन रकमा घेतल्या, कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे पोरक्या वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यात, आपल्या सहीचा शिक्का कारकुनाच्या हाती दिला, वॉर्डरोबच्या सौद्यातून स्वतःची तुंबडी भरली. तो आजारी होता, तरी बचाव त्याने स्वतःच केला. १३ मे रोजी लॉर्ड सभेने निकाल दिला: ५०,००० पौंड दंड, सगळी पदं काढून घेतली, पार्लमेंटात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, आणि राजाची मर्जी असेपर्यंत टॉवरमध्ये कैद.

त्याचं घेणं निर्मळ होतं असं नाही. पण त्या दरबारात त्याच्याहून कितीतरी जास्त घेणारे उजळ माथ्याने बसले होते, आणि त्यांना हात लागला नाही. त्याची पापं खरी होती. शिक्षा मात्र त्यांच्यासाठी झाली नाही. म्हाताऱ्या जेम्सला हे कळत होतं. बकिंगहॅमला त्याने बजावलं की तू स्वतःच्या पाठीसाठी छडी तयार करतो आहेस, आणि मुलाला सांगितलं की अशा खटल्यांनी तुझं पोट एक दिवस तुडुंब भरेल. हा संवाद इतिहासकार क्लॅरेंडनने नोंदवून ठेवला आहे. दोनच वर्षांनी नव्या पार्लमेंटाने बकिंगहॅमवर महाभियोग आणला.

युद्धही झालं. १६२५ ची कादिझवरची मोहीम फसली, १६२७ ची रे बेटावरची त्याहून वाईट फसली. पैसा नव्हता म्हणून चार्ल्सने प्रजेकडून सक्तीने कर्जं घेतली, न देणाऱ्यांना तुरुंगात टाकलं, आणि १६२८ साली पार्लमेंटाने हक्कांची मागणी लेखी पुढे ठेवली. त्याच ऑगस्टमध्ये पोर्ट्समथला एका बिथरलेल्या लष्करी अधिकाऱ्याने बकिंगहॅमला भोसकलं. क्रॅनफिल्ड तोवर टॉवरमधून कधीच सुटला होता. काही दिवसांतच सोडलं होतं त्याला, दंडही पुढे कमी झाला. पण दंडाच्या तडजोडीत चेल्सीचं त्याचं घर, जे एकेकाळी टॉमस मोरचं होतं, शेवटी बकिंगहॅमच्याच हाती गेलं. तो एसेक्समधल्या कॉप्ट हॉलला राहू लागला. सत्तेत परतण्याच्या आशा त्याने बऱ्याच वर्षांनी सोडल्या. यादवी युद्ध चालू असताना, ६ ऑगस्ट १६४५ ला, तो वारला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरला गेला. साडेतीन वर्षांनी चार्ल्सचं मुंडकं उडवण्यात आलं.

मुलगे निपुत्रिक राहिले आणि १६७४ साली घराणं बुडालं. मुलगी फ्रान्सिस डॉर्सेटच्या अर्लला, सॅकव्हिलला दिली होती, म्हणून त्याचे कागद केंटमधल्या नोल या सॅकव्हिलांच्या वाड्यात पोहोचले आणि शतकानुशतकं तिथेच पडून राहिले. त्या गठ्ठ्यांत स्टाडेहून आलेली रॉस्टॉर्मची पत्रं आहेत, कर्सीच्या ठाणांची बिलं आहेत आणि राजाच्या उत्पन्नाचे तक्तेही आहेत. टॉनी आणि त्याच्यानंतर मेना प्रेस्टविच यांनी त्यांवरूनच त्याचं चरित्र उभं केलं. वॉर्डरोबचा हिशेब राजाला न देण्याची सवलत त्याने लेखी मिळवली होती. १६२४ साली फिर्यादींना तो नफा अंदाजानेच सांगावा लागला. आज आपल्याला तो कळतो, कारण स्वतःसाठी त्याने हिशेब ठेवला होता.